मागच्या गेटवरच्या वानखडे काकू

वानखडे काकूंना समितीवर मी घेतलं. का घेतलं, ते आधीच सांगून टाकतो. त्या गप्प बसतील असं मला वाटलं होतं.

तेव्हा मी विद्यापीठात सहायक कुलसचिव होतो. भोपाळला कारखान्याची टाउनशिप जिथे संपते, तिथे आमची भिंत सुरू व्हायची. विद्यापीठाचं मागचं गेट थेट क्वार्टर्सच्या रस्त्यावर उघडायचं. टाउनशिपची माणसं सकाळी फिरायला त्या गेटनं आत यायची आणि आमच्या होस्टेलच्या मुली त्याच गेटनं इंद्रपुरीच्या बाजाराला नाहीतर बस स्टॉपला जायच्या. एका उन्हाळ्यात तिथल्या गार्डनं फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्या फिटरला ढकललं. त्यांचा हात मोडला. टाउनशिपमध्ये खूप ओरड झाली, हिंदी पेपरात बातमी आली आणि कुलगुरूंनी एक समिती नेमली. गार्ड लोकांच्या वागण्यावर समितीनं लक्ष ठेवायचं, कॅम्पसमधल्या चोऱ्या, मारामाऱ्या, छेडछाड यांचा दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा. त्यात टाउनशिपचा एक प्रतिनिधी हवा असं ठरलं. समितीचा सचिव मी.

कुलसचिवांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जोशी, कोई सीधा-सादा आदमी देख लो. यूनियनवाला नहीं चाहिए."

मी म्हणालो, "सर, एक बाई हैं. रिटायर्ड. किसी के लेने-देने में नहीं."

या बाई म्हणजे वानखडे काकू. आमच्या क्वार्टरपासून तिसऱ्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मूळच्या अमरावतीच्या. वानखडे काका फाउंड्रीत होते, ते लवकर गेले. काकू कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजवर ऑपरेटर होत्या, आणि हातानं लाइन जोडायचा बोर्ड काढून ऑटोमॅटिक एक्सचेंज बसवलं त्या वर्षी निवृत्त झाल्या. बुटक्या, पाठीनं ताठ, नेहमी सुती साडी. समोरचा बोलायला लागला की मान किंचित वळवून उजवा कान त्याच्याकडे करायच्या. ऐकून झालं की त्याचं बोलणं त्याला परत ऐकवायच्या. "म्हणजे तू म्हणतोस की बुधवारी दुपारी नळाला पाणी नव्हतं. दुपारी म्हणजे किती वाजता?" माझी आई वैतागायची. "सुशीलाबाईंशी बोलायचं म्हणजे कोर्टात साक्ष द्यायची," म्हणायची. पण मनातलं सांगायला ती त्यांच्याकडेच जायची. सगळी कॉलनीच जायची. काकूंच्या कानात पडलेलं तिथेच राहतं हे सगळ्यांना माहीत होतं.

याची एक गोष्ट मी शाळेत असतानाची आहे. कारखान्याच्या एका विभागात, शॉपमध्ये, क्रेनची साखळी तुटली आणि आमच्याच लाइनीतले तिवारीजी जागीच गेले. हॉस्पिटलचे, जनरल मॅनेजरचे सगळे फोन काकूंच्या बोर्डावरून गेले. त्यांची ड्यूटी संपली तेव्हा घरी कळवायला अधिकारी अजून निघायचे होते. काकू परत येताना दुधाच्या बूथवर थांबल्या. रांगेत त्यांच्या पुढे तिवारीजींची बायको उभी होती. ती हसून म्हणाली, "दीदी, आज लौकी बनाई है, भिजवा दूँगी." काकूंनी मान हलवली. दूध घेतलं, तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आल्या आणि तिच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिल्या. अर्ध्या तासानं जीप आली.

तेरावं झाल्यावर तिवारीणबाई आमच्या सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "आपको मालूम था! और आप मेरे साथ दूध लेती रहीं!"

"हाँ, मालूम था," काकू म्हणाल्या. "लेकिन वो बात मेरी नहीं थी." मग म्हणाल्या, "अकेला नहीं छोड़ा मैंने आपको."

तिवारीणबाईनं त्यांना माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. सहा महिन्यांनी ती क्वार्टर सोडून गेली. काकू तो विषय कधी काढत नसत.

अशी बाई समितीवर आली तर चहा पिईल, सही करील आणि घरी जाईल, असा माझा हिशोब होता. ऐकलेलं बोलायचं नाही म्हणजे विचारायचंही नाही, असं मी समजून चाललो. माणूस शेजारी राहतो म्हणून कळतो असं नाही.

पहिल्याच बैठकीत काकूंनी कोपऱ्यातल्या गार्डकडे मान वळवून विचारलं, "भैया, आपकी ड्यूटी कितने घंटे की है?"

गार्डनं सुरक्षा अधिकाऱ्याकडे बघितलं. सुरक्षा अधिकारी राठौर, फौजेतून निवृत्त झालेला उंच माणूस. तो म्हणाला, "बारह घंटे, मैडम."

"और मागच्या गेटवर..." काकू मराठीत घसरल्या, मग सावरल्या. "पीछे के गेट पर बाथरूम है क्या?"

बाथरूम नव्हतं. पाण्याचा माठसुद्धा नव्हता. बारा तास उन्हात उभा असलेला माणूस कुणालाही ढकलील, असं काही काकू म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त मला सांगितलं, "मिलिंद, हे लिहून घे. किती वाजता विचारलं तेपण लिही." महिन्याभरात गेटवर पत्र्याची खोली आणि नळ आला. गार्ड लोक त्यांना अम्माजी म्हणायला लागले.

त्यानंतर त्या रोज दुपारी मागच्या गेटवर जाऊन बसायला लागल्या. गेटसमोर नाल्यावर छोटी पुलिया होती, तिच्या कठड्यावर. समितीनं असं काही सांगितलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. मांडीवर स्टीलची परात, परातीत मटार. शेंगा सोलत बसायच्या आणि गेटमधून कोण कसं जातं ते बघायच्या. राठौरनं माझ्याकडे तक्रार केली, "सर, वो औरत हमारी निगरानी कर रही है." मी त्याला म्हणालो, "समिती का काम ही निगरानी है." हे मी हसत म्हणालो होतो. तोही हसला.

आता एका आलेखाबद्दल सांगायला हवं. वार्षिक अहवालासाठी मी कॅम्पसमधल्या तक्रारींचा आलेख काढला होता. राठौर येण्याआधी रेघ वर होती, तो आल्यावर ती खाली खाली येत गेली होती. कुलगुरूंना ती फार आवडली. बैठकीत तो कागद सगळ्यांच्या हातात दिला. प्राध्यापक मंडळींनी माना डोलावल्या. काकूंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"ये लकीर नीचे क्यों आई?" त्यांनी विचारलं.

"क्राइम कम हुआ, मैडम," कुलसचिव म्हणाले.

"के बतानेवाले कम हुए?"

सगळे हातातल्या कागदाकडे बघायला लागले. काकूंना वाटलं, आपलं हिंदी कळलं नाही. म्हणून त्या माझ्याकडे वळून मराठीत सांगायला लागल्या आणि मी भाषांतर करायला लागलो. "आमच्या बोर्डावर एखाद्या घराची लाइन दोन दिवस वाजली नाही, तर आम्ही असं नव्हतो म्हणत की त्या घरी सगळं छान चाललंय. आम्ही लाइनमन पाठवायचो."

मी हे हिंदीत सांगितलं. थोडं मऊ करून सांगितलं. "मैडम चाहती हैं कि आँकड़े एक बार जाँच लिए जाएँ."

काकूंनी मान वळवून माझं हिंदी ऐकलं. "मी एवढंच नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. पण तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

मुली का बोलत नाहीत, ते त्यांना गेटवरच्याच एका गार्डकडून कळलं. बांदा बाजूचा होता, त्याच्या स्वतःच्या दोन मुली होत्या. तो म्हणाला, "अम्माजी, लड़की शिकायत लिखाने आती है तो पहले पिताजी का नंबर माँगते हैं. घर फ़ोन जाता है, चिट्ठी जाती है. फिर कौन लिखाएगी?"

पुढच्या बैठकीत काकूंनी विचारलं, "ये नियम किसने बनाया?"

तो नियम मी केला होता. एका पालकानं कुलगुरूंपुढे आरडाओरडा केला होता की माझ्या मुलीची पर्स चोरीला गेली आणि मला कळवलं नाही. तेव्हा मी टिपण लिहिलं की यापुढे विद्यार्थिनीच्या प्रत्येक तक्रारीची सूचना पालकांना द्यावी. मला ते जबाबदारीचं वाटलं. खरं तर त्यातून आमच्या डोक्यावरचा भार उतरत होता. कुलसचिवांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नियम पुराना है, मैडम. हमसे पहले का."

मी त्यांना मैडम म्हणालो. लहानपणापासून त्यांच्या घरी पोहे खाल्लेला मी.

"जुना असेल तर बदलता येईल," काकू मराठीत म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

फेब्रुवारीत काकू सकाळीच माझ्या घरी आल्या. मी दाढी करत होतो. त्या खुर्चीत बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"मिलिंद, एक मुलगी माझ्याशी बोलली. तीन दिवस पुलियावर येऊन नुसती बसत होती, काल बोलली."

मागच्या गेटवरचा दुपारचा एक गार्ड मुलींची ओळखपत्रं काढून घ्यायचा. उशीर झाला, ओढणी नीट नाही, काहीही कारण. कार्ड परत हवं तर नंतर एकटी ये म्हणायचा. रजिस्टरमधून नंबर घेऊन होस्टेलवर फोन करायचा. या मुलीचा त्यानं हात धरला होता. तिच्यासारख्या आणखी आहेत, असं ती म्हणत होती.

"तिनं मला विचारलं, घरी कळेल का? मी म्हटलं, नाही कळणार. मी शब्द दिलाय," काकू म्हणाल्या. "मी कागदावर सगळं लिहिलंय, वेळेसकट. नाव नाही लिहिलं."

"काकू, पण नावाशिवाय ते मानणार नाहीत. मुलगी खरी आहे की नाही, हे सचिवाला तरी माहीत पाहिजे."

त्या दारापाशी गेल्या. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात नाव सांगितलं. होस्टेलची खोलीही सांगितली. "तुझ्याजवळच ठेव," म्हणाल्या.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

त्याच दिवशी कुलसचिवांनी काकूंचा कागद वाचला आणि टेबलावर टाकला. "ये बाई अपने मन से कहानी बना रही है क्या? लड़की है भी?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या असं म्हणणं खोटं ठरेल. मी विचारच केला नाही. मला फक्त एवढं वाटलं की मी आणलेली बाई खोटी ठरतेय आणि तिच्याबरोबर मी मूर्ख ठरतोय. म्हणालो, "है सर, मुझे नाम मालूम है." आणि त्यांनी फाइल पुढे सरकवली तेव्हा समासात नाव, वर्ग आणि खोली लिहिली. सुवाच्य अक्षरात. माझ्या अक्षराचं ऑफिसात कौतुक व्हायचं.

फाइल अभिप्रायासाठी सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली. त्याच्या ऑफिसनं नियमाप्रमाणे पालकांना पत्र पाठवलं. छापील पत्र, माझ्याच मसुद्याचं. आपल्या पाल्यानं एका पुरुष कर्मचाऱ्यासंबंधी तक्रार केली आहे, तरी आपण येऊन भेटावं.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले. भोपाळहून दोन तासांच्या गावाचे, पांढऱ्या शर्टातले शांत गृहस्थ. ते कुणालाच काही बोलले नाहीत. होस्टेलमधून ट्रंक आणि गादी काढली, मागच्या गेटवर टेम्पो उभा केला. दुपारची वेळ होती. काकू पुलियावर होत्या. मी माझ्या ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. मुलगी टेम्पोत बसायच्या आधी थांबली आणि तिनं काकूंकडे बघितलं. काकू उठल्या, दोन पावलं पुढे गेल्या. मुलीनं तोंड फिरवलं. टेम्पो गेला. काकू तिथेच रस्त्यात उभ्या होत्या. मागून येणारा स्कूटरवाला हॉर्न देत होता.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं तिचं. परीक्षेला ती आली नाही.

त्या गार्डची बदली पुढच्या गेटवर झाली.

समितीची बैठक तातडीनं बोलावली गेली. विषय, गोपनीयतेचा भंग. मुलीचं नाव बाहेर गेलं कसं? कुलसचिवांना माहीत होतं, राठौरला माहीत होतं, मला माहीत होतं. पण विचारलं असं गेलं की जणू कुणालाच माहीत नाही. आणि सगळ्यांच्या माना हळूहळू काकूंकडे वळल्या. इतिहासाचे एक प्राध्यापक हसत म्हणाले, "भई, मैडम तो टेलीफ़ोन एक्सचेंज में थीं. वहाँ की आदत है, इधर का सुना, उधर जोड़ दिया."

दोघे-तिघे हसले.

काकूंनी मान वळवून ते पूर्ण ऐकलं. एक्सचेंजवर त्यांची सगळी उमर गेली होती. तिवारीणबाईचा राग सोसून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मेरे से नहीं गया." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. "मी फक्त मिलिंदला सांगितलं होतं," एवढं वाक्य पुरलं असतं. ते त्या बोलल्या नाहीत. आपण कुणाला काय सांगितलं हे बाहेर सांगायचं नाही, हा त्यांचा नेम त्या वेळीही मोडला नाही. की मी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं.

मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. लिहिलं, "बाह्य सदस्यांना गोपनीयतेबाबत अधिक दक्षता बाळगण्याची सूचना देण्यात आली." ठराव सर्वानुमते.

बैठक संपल्यावर मी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. "काकू, चला, स्कूटरवर सोडतो."

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. तुम्हाला कामं असतील."

जन्मल्यापासून मी त्यांच्यासाठी तू होतो. त्या दिवसापासून तुम्ही झालो.

त्यांनी राजीनामा दिला नाही. ते मला अपेक्षित होतं, थोडं हवंही होतं. त्या समितीची मुदत संपेपर्यंत प्रत्येक बैठकीला आल्या, प्रत्येक वेळी पालकांना कळवण्याचा नियम रद्द करा म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी मी ते इतिवृत्तात एका ओळीत नोंदवलं. पुलियावरही बसत राहिल्या. फक्त मुली आता त्यांच्याजवळ थांबत नव्हत्या. लांबून वळून जायच्या. होस्टेलमध्ये पसरलं होतं की त्या बाईला काही सांगू नका. काकू परात मांडीवर घेऊन एकट्याच बसलेल्या दिसायच्या. मी तो रस्ता टाळून पुढच्या गेटनं घरी जायला लागलो.

पुढच्या वर्षी आलेखाची रेघ आणखी खाली आली. कुलगुरूंनी मला शाबासकी दिली.

नंतर काकूंचा मुलगा त्यांना शहरातच अवधपुरीला स्वतःच्या घरी घेऊन गेला. मी ट्रकजवळ गेलो होतो. आईनं डबा दिला होता, तो मी पुढे केला. "ठेवा," त्या म्हणाल्या. एवढंच.

मधे पुष्कळ वर्षं गेली. माझी आई गेली, मी निवृत्त झालो. मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला टाउनशिपमधल्या बँकेत गेलो. सगळी म्हातारी माणसं टोकन घेऊन बाकांवर बसलेली. त्यात काकू होत्या. फार वाळल्या होत्या, शेजारी काठी होती, पण पाठ तशीच ताठ. मी जाऊन शेजारी बसलो. नाव सांगितलं. त्यांनी उजवा कान वळवला.

"ओळखलं," म्हणाल्या. "बरे आहात?"

मी इकडचं तिकडचं बोललो. मग एकदम म्हणालो, "काकू, ते नाव फाइलीत मी लिहिलं होतं. आणि पालकांना कळवायचा नियमही माझाच."

"नियमाचं नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "नावाचं माहीत होतं. मी एकालाच सांगितलं होतं."

मी पुढे वाकलो. मला वाटतं, मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्यांनी तेवढ्यात विचारलं, "तिला सांगितलंत?"

"कोणाला?"

"त्या मुलीला. मी सांगितलं असं वाटत असेल तिला. आता तिचीही पोरं मोठी झाली असतील. एका म्हातारीवर विश्वास ठेवला आणि फसले, असंच वाटत असेल ना इतकी वर्षं?"

मी हातातलं टोकन उलटसुलट करत राहिलो.

"मला काय सांगता? मला माहीतच होतं."

"तिचा पत्ता मी शोधून ठेवलाय," मी म्हणालो. "पण काकू, पत्र टाकायचं म्हणजे... घरात कोणाच्या हाती पडेल, कोण उघडून वाचेल. नवऱ्याला काही माहीत नसेल. उगाच तिला त्रास."

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. सवयीप्रमाणे परत म्हणाल्या, "म्हणजे पत्र घरी गेलं तर दुसऱ्याच्या हाती पडेल आणि तिला त्रास होईल."

"हो."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हे तेव्हा नाही सुचलं तुम्हाला."

काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. काठीवर भार देऊन उठल्या. काउंटरवरच्या मुलानं यंत्र पुढे सरकवलं आणि अंगठा ठेवायला सांगितला. अंगठा उमटेना. "अम्माजी, ज़रा दबाके," तो म्हणाला. काकूंनी अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या-चौथ्या वेळी यंत्र वाजलं. त्यांनी पावती नीट वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली आणि दारात थांबलेल्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही.